डीआरसी झिरो आलं म्हणून लगेच ऑर्डर मारू नका

या महिन्यात पीसीबीच्या, म्हणजे पार्ट बसवायच्या छापील सर्किट बोर्डाच्या, फाइलींवरच लै प्रश्न आलेत, त्यामुळं सोलर चार्जर आणि इन्व्हर्टरवाले पुढच्या अंकात घेऊ. पत्रं मोठी होती, कापून छापतोय, राग मानू नका.

प्रश्न : सर, मी औसा तालुक्यातला, माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोबाइलवरून विहिरीवरची मोटार चालू-बंद करायचा बोर्ड बनवायलोय, रात्रीची लाइट आली की माणसानं अंधारात शेतात जायचा ताप नको म्हणून. कायकॅडमध्ये (बोर्ड डिझाईनचं सॉफ्टवेअर) डिझाईन केलं, डीआरसीला (सॉफ्टवेअरची नियम तपासणी) झिरो एरर, थ्रीडीत तर एकदम कंपनीच्या मालासारखा दिसायलाय. आता फॅबवाला, म्हणजे बोर्ड बनवून देणारा, म्हणतोय गर्बर (बोर्डाच्या एकेका थराच्या फाइली) द्या. प्लॉट करून, म्हणजे त्या फाइली काढून, झिप पाठवली की झालं, का अजून काही बघायचं असतं?

उत्तर : बघायचं असतं, आणि तुमच्या बोर्डात तर जरा जास्तच बघायचं आहे कारण त्यावर ४१५ व्होल्ट येणार.

डीआरसी झिरो म्हणजे काय, तर तुम्ही जे नियम टाकले त्यात बोर्ड बसला, एवढंच. आता नियमच टाकले नसतील तर? कायकॅडमध्ये डिफॉल्ट क्लिअरन्स, म्हणजे दोन कॉपरमधलं कमीत कमी अंतर, ०.२ मिमी असतो. आपल्याकडच्या बऱ्याच थ्री-फेज स्टार्टरची कॉइल दोन फेजमध्ये चालते, म्हणजे तुमच्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर फेज येणार, पण सॉफ्टवेअरला फेज-बिज काही कळत नाही, त्याला सगळे नेट (एकमेकांना जोडलेल्या पिनांचे गट) सारखेच, ते ग्राउंडचं कॉपर फेजच्या पॅडपासून (पिन सोल्डर करायची कॉपरची जागा) ०.२ मिमीवर आणून ठेवतं आणि वर झिरो एरर दाखवतं. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असतं. तेव्हा आधी फेजच्या नेटांचा वेगळा नेट क्लास करा, त्याला क्लिअरन्स वाढवून द्या आणि मग परत डीआरसी चालवा. मी स्वतः फेज आणि लो-व्होल्टेजची बाजू यांच्यात ८ मिमी मोकळं ठेवतो, कुणी म्हणेल जास्त आहे, पण शेतातल्या स्टार्टरच्या पेटीत पाली असतात, मुंग्या असतात, पावसाळ्यात ओल धरते, तिथं जागा वाचवून काय मिळणार? कॉइलला करंट कमीच लागतो, त्यामुळं ट्रॅकच्या जाडीची फार काळजी नको, अंतराची करा.

थ्रीडीचंही तसंच. ते चित्र डिझाईनच्या फाइलीवरून बनतं, गर्बरवरून नाही. फॅबवाल्याकडं तुमचं डिझाईन जातच नाही, जाते ती झिप, आणि तो झिपमध्ये जे आहे तेच बनवणार. म्हणून बघायची ती झिपच. एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये ती उघडा आणि त्यातल्या फाइली गर्बर व्ह्यूअरमध्ये टाका. कायकॅडसोबत गर्बव्ह्यू येतोच, पण माझं म्हणणं दुसरा एखादा पण वापरा, जीईआरबीव्ही फुकट आहे, नाहीतर फॅबवाल्याच्या साइटवरचा. ज्या सॉफ्टवेअरनं फाइल बनवली त्यालाच ती बरोबर का विचारण्यात अर्थ नाही.

आता बघताना मी काय करतो ते सांगतो. सगळ्यात आधी फाइलींची तारीख-वेळ. सगळ्या एकाच मिनिटाच्या पाहिजेत. लोक काय करतात, एक कनेक्टर जरा सरकवतात, गर्बर परत काढतात आणि ड्रिल फाइल परत काढायची राहून जाते, कारण कायकॅडमध्ये त्याचं बटण वेगळं आहे. मग कॉपर नवीन आणि होल जुने. हे प्रकरण वाटतं त्यापेक्षा लै कॉमन आहे.

दोन लेयरच्या बोर्डाला दोन कॉपर, दोन मास्क (कॉपर झाकणारा रंगाचा थर), सिल्क (बोर्डावर छापलेली अक्षरं-खुणा) एक किंवा दोन, एज कट्स म्हणजे आउटलाइन, आणि ड्रिल, एवढं पाहिजे. पेस्टची फाइल सोल्डर पेस्ट लावायला स्टेन्सिल करणार असाल तरच कामाची. आउटलाइन एकटी चालू करा आणि मोजा. ती बंद आकृती पाहिजे, कोपऱ्यात फट राहिली तर फॅबवाला विचारत बसतो. तुमची स्टार्टरची पेटी हातात घ्या, माउंटिंग होलचं अंतर पट्टीनं मोजा आणि व्ह्यूअरमध्ये मोजून टॅली करा. रिलेखाली स्लॉट (बोर्डात कापलेली फट) दिला असेल तर तो इथं दिसतो का बघा, किंवा नॉन-प्लेटेड ड्रिलमध्ये, म्हणजे आतून कॉपर न चढवलेल्या होलांत. कुठंच दिसला नाही तर तो कटणार नाही, मग थ्रीडीत कितीही छान दिसू द्या.

मग वरचं कॉपर आणि ड्रिल एकावर एक. प्रत्येक होल पॅडच्या मधोमध पाहिजे. पॅडची कडी किती उरते ते बघा, म्हणजे पॅड १.६ आणि होल १.३ असेल तर प्रत्येक बाजूला ०.१५ मिमीच कॉपर राहिलं, ड्रिल जरा सरकलं की एका बाजूनं कडी गायब, आणि शेतात बोर्ड जळाल्यावर तुम्हीच रिले काढायला बसणार, तेव्हा पॅड सोल्डरसोबत उचलून येतंय. टर्मिनलच्या आणि रिलेच्या पिना व्हर्नियरनं मोजा, डेटाशीट नसली तरी चालेल पण व्हर्नियर पाहिजे. आणि ड्रिल फाइलीतलं माप तयार होलचं आहे हे ऑर्डरच्या फॉर्मवर लिहा, प्लेटिंगनं होल बारीक होतो म्हणून फॅबवाला आधीच थोडं मोठं ड्रिल मारतो.

आता ग्राउंडचा पोअर, म्हणजे मोकळ्या जागेत भरलेलं कॉपर. कायकॅडमध्ये ट्रॅक हलवल्यावर झोन (पोअरसाठी आखलेली जागा) परत भरावा लागतो, बी दाबलं की भरतो. व्ह्यूअरमध्ये पोअर भरलेला दिसतो का, जीएसएमच्या अँटेनाखाली घुसला का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिलेच्या दोन कॉन्टॅक्ट पॅडच्या मधून कॉपरची एखादी जीभ गेली का, हे झूम करून बघा. डिझाईन करताना झोनची नुसती कडा दिसते, आत कॉपर कुठवर पसरलंय ते भरल्यावरच कळतं.

मास्कच्या फाइलीत बरेच जण गोंधळतात. तिथं जे भरीव दिसतं तिथं मास्क नसतो. म्हणजे फाइलीत दिसतात त्या खिडक्या. एखाद्या ट्रॅकवर सोल्डर चढवायचं म्हणून उघडा ठेवायचा असेल तर तो ट्रॅक मास्कच्या फाइलीत दिसला पाहिजे. उलट, फेजच्या बाजूला नको तिथं खिडकी दिसली तर ती बुजवा.

एवढं झालं की पाठवा. पहिल्यांदा पाचच बोर्ड मागवा, शंभर नको.

प्रश्न : सर, नांदेडला इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला आहे. व्ह्यूअरमध्ये होल सगळे बोर्डाच्या बाहेर दिसायलेत, कायकॅडमध्ये मात्र बरोबर आहेत. सबमिशन जवळ आलंय. फॅबवाले ॲडजस्ट करून घेतात असं सीनियर म्हणतो, तसंच पाठवू का?

उत्तर : नका पाठवू. ॲडजस्ट करणारे असतात, नाही असं नाही, पण तो अंदाजानं करणार आणि अंदाज चुकला तर तुम्ही कुणाला बोलणार? हे पाच मिनिटांचं काम आहे.

होल कसे चुकलेत ते नीट बघा, त्यावरूनच कारण कळतं. सगळ्या होलांची आपसातली मांडणी बरोबर आहे पण अख्खा समूहच एका बाजूला सरकलाय, तर ओरिजिन (जिथून मापं मोजतात तो शून्याचा बिंदू) वेगवेगळे झालेत. प्लॉटच्या खिडकीत ड्रिल/प्लेस ओरिजिन वापरा अशी एक टिक असते आणि ड्रिलच्या खिडकीत ॲब्सोल्यूट का ड्रिल/प्लेस असं वेगळं विचारतात, दोन्हीकडं एकच निवडा आणि दोन्ही फाइली परत काढा. सगळे होल एका कोपऱ्यात गिचमिड गोळा झालेत किंवा लै लांबवर पसरलेत तर इंच-मिलीमीटरचा घोळ, २५.४ पटीचा. आणि काही होल जागेवर, काही दहापट लांब, काही शंभरपट, असं शिंपडल्यासारखं दिसत असेल तर झिरोचा घोळ. जुन्या पद्धतीत आकड्यातले पुढचे किंवा मागचे शून्य गाळून टाकतात आणि दशांश चिन्हही नसतं, मग वाचणाऱ्यानं उलटं समजलं की प्रत्येक आकड्याचं वेगळंच वाटोळं होतं. कायकॅडमध्ये झिरोज फॉरमॅटला डेसिमल ठेवा, हा प्रकारच मिटतो.

फाइल नोटपॅडमध्ये पण उघडून बघा, घाबरू नका, साधा मजकूरच आहे. ड्रिल फाइलीत वरती एम४८ दिसेल, ती सुरुवात. खाली मेट्रिक किंवा इंच असं लिहिलेलं असतं. मग टूलची यादी, टी१सी०.८०० असं काहीतरी, म्हणजे टूल नंबर १, व्यास ०.८. वर मेट्रिक असेल तर ०.८ मिमी, ठीक. हाच होल इंचात असता तर टी१सी०.०३१५ दिसला असता. वर इंच आणि खाली ०.८००, असं आलं तर समजा २० मिमीचा होल मागवायलात. गर्बरमध्ये पण पहिल्या काही ओळींत एमओएमएम असं दिसतं, ते मिलीमीटर, एमओआयएन असेल तर इंच. त्याच्या आसपास एफएसएलएएक्स४६वाय४६ असतं, म्हणजे दशांशाच्या आधी ४ आकडे आणि नंतर ६. बाकीचं वाचायची गरज नाही.

आणि त्या सीनियरला पण हे दाखवा.

प्रश्न : जालन्यात माझं स्टॅबिलायझर रिपेअरिंगचं दुकान आहे. आजवर बोर्ड घरीच टोनरनं छापून फेरिक क्लोराइडमध्ये करायचो. पहिल्यांदा बाहेरून सिंगल साइड बोर्ड बनवून घेतले, तर सगळे उलटे आले, आरशात बघितल्यासारखे. फॅबवाला म्हणतो फाइलच तशी होती.

उत्तर : फॅबवाला खरं बोलतोय असं वाटतं, कारण हे टोनरवाल्यांकडून नेहमी होतं. टोनरमध्ये कागद उलटा ठेवून इस्त्री फिरवता, त्यामुळं मिरर करायचं का नाही हा हिशोब डोक्यात पक्का बसलेला असतो, आणि गर्बर काढताना पण हात मिररच्या टिकेकडं जातो. गर्बरमध्ये मिरर कधीच करायचं नाही. सगळे लेयर वरून, बोर्डाच्या आरपार बघितल्यासारखे दिसले पाहिजेत. म्हणजे वरच्या लेयरवरची अक्षरं सरळ वाचता येणार आणि खालच्या कॉपरवरची अक्षरं उलटी दिसणार. व्ह्यूअरमध्ये बॉटमची अक्षरं उलटी दिसली की लोक घाबरतात आणि सरळ करून टाकतात, नेमकं तिथंच बिघडतं. उलटी आहेत म्हणजे बरोबर आहे.

प्रत्येक कॉपर लेयरवर दोन-तीन अक्षरं टाकायची सवय लावा, बोर्डाचं नाव, व्हर्जन, काही पण. नुसते पॅड आणि ट्रॅक बघून उलटं-सुलटं ओळखणं अवघड असतं, अक्षर असलं की लगेच कळतं. सिंगल साइडला तर हे पाहिजेच.

आलेले बोर्ड फेकू नका. सिंगल साइड आहे, रेझिस्टर-कपॅसिटर-ट्रान्सफॉर्मरच्या पिना असतील तर पार्ट कॉपरच्या बाजूनंच बसवून तिथंच सोल्डर करता येतं, दिसायला घाण दिसेल पण चालेल. आयसी आणि रिलेखाली सोल्डरिंग गन शिरत नाही, त्यांना जरा उंच ठेवून बसवावं लागेल. गिऱ्हाइकाला विकू नका, टेस्टिंगला ठेवा.

प्रश्न : बीड. एका जुन्या मशीनच्या कार्डाच्या फाइली मिळाल्यात, कार्ड परत बनवायचं आहे. व्ह्यूअरमध्ये उघडल्या तर काहीच नीट दिसत नाही, सोबत एक वेगळी टेक्स्ट फाइल आहे त्यात डी१०, डी११ असे नंबर आणि मापं आहेत.

उत्तर : ती टेक्स्ट फाइल हरवू नका, सगळं त्यातच आहे. जोसेफ गर्बर यांच्या कंपनीचे जुने फोटोप्लॉटर वेगवेगळ्या आकाराच्या झरोक्यातून फिल्मवर प्रकाश टाकायचे, त्या झरोक्याला ॲपर्चर म्हणतात. जुन्या आरएस-२७४डी फाइलीत नुसतं लिहिलेलं असतं की डी१० लाव आणि अमुक ठिकाणी प्रकाश टाक, डी१० केवढा आहे ते दुसऱ्या कागदावर. १९९८ मध्ये आलेल्या आरएस-२७४एक्सच्या वर्णनात हे माप फाइलीतच बसलं. हा फॉरमॅट आता बेल्जियमची उकॅमको सांभाळते, त्यांनी २०१४ मध्ये जुना डी प्रकार अधिकृतपणे रद्द केला, त्यामुळं फॅबवाला तो घेत नसेल तर त्याची चूक नाही. त्या यादीवरून मापं भरून २७४एक्समध्ये बदलून घ्या आणि मूळ कार्डावर ठेवून एकेक पॅड टॅली करा. डी११ चौकोनी आहे का गोल हे यादीत नसलं तर कार्डाकडं बघूनच ठरवावं लागेल.

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत छोटं युनिट आहे. चार लेयरचा बोर्ड पहिल्यांदाच करतोय. फाइल पाठवल्यावर फॅबकडून मेल आला की इनर लेयरचा क्रम कळवा, व्हाया (लेयर एकमेकांना जोडणारे बारीक होल) टेंट करायच्या का, सिल्क पॅडवर येतंय ते कापू का. आमच्या परचेसवाल्यानं सगळ्याला ओके म्हणून टाकायचं ठरवलंय, माल अर्जंट आहे. चालेल का?

उत्तर : परचेसवाल्याला ओके म्हणू देऊ नका, ज्यानं डिझाईन केलं त्यानंच उत्तर द्यायचं. आणि असा मेल आला म्हणजे फॅब चांगला आहे, काही लोक न विचारता मनानं ठरवतात.

क्रमाचा प्रश्न सगळ्यात मोठा. तुमच्याकडं ग्राउंड आणि पॉवर प्लेन (जवळजवळ अख्खे कॉपरचे थर) आत असतील, त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड कदाचित चालेलही, पण वरच्या लेयरच्या सिग्नलखाली ग्राउंडऐवजी पॉवर येईल, आणि मग हा नॉइज कुठून येतोय म्हणून महिनाभर डोकं खाजवत बसाल, कारण बीप टेस्टला सगळं ठीकच लागतं. यावर उपाय सोपा, बोर्डाच्या कडेला कॉपरमध्येच आकडे टाका, वरच्यावर १, आतल्यावर २ आणि ३, खालच्यावर ४, एकमेकांच्या शेजारी. बोर्ड उजेडात धरला की चारही दिसले पाहिजेत, तेवढ्या जागेत बाकी कॉपर ठेवू नका. २०१४ पासूनचा गर्बर एक्स२ वापरला तर कुठली फाइल कितव्या नंबरचा लेयर हे फाइलीतच लिहिलेलं असतं, पण तरी आकडे टाकाच.

व्हाया टेंट म्हणजे व्हायावर मास्क चढवायचा. बहुतेक ठिकाणी हो म्हणा, विशेषतः आयसीच्या पोटाखाली. टेस्टिंगला प्रोब लावायला काही व्हाया ठेवल्या असतील तर त्या नावानिशी वगळा, नाहीतर टेस्टिंगवाला तुमच्या नावानं ओरडणार.

सिल्क कापायला हो म्हणा, पण आधी बघा काय कापलं जाणार. डायोडची पट्टी किंवा आयसीचा पिन एकचा ठिपका पॅडवर असेल तर तोच उडणार, आणि असेंब्लीवाल्या पोरींना कळणार नाही कुठून लावायचं. तेवढे ठिपके सरकवून फाइल परत पाठवा.

अजून दोन गोष्टी. आयपीसी-डी-३५६ नावाची नेटलिस्ट (कुठलं पॅड कशाला जोडलंय त्याची यादी) कायकॅडमधून काढता येते, ती झिपमध्ये टाका आणि गर्बरशी जुळवून बघा असं लिहून द्या, म्हणजे फाइलीत कुठं शॉर्ट किंवा ओपन झालं असेल तर बोर्ड बनायच्या आधीच पकडलं जातं. चार लेयरला हे केलंच पाहिजे असं माझं मत आहे, आतलं कॉपर नंतर चाकूनं कापता येत नाही. आणि त्यांनी त्यांच्या बाजूनं बदल करून जी वर्किंग फाइल बनवली ती परत मागवा आणि तुमच्या फाइलीवर ठेवून बघा. अर्जंट असला तरी मागवा, एक दिवस जाईल.

प्रश्न : परभणी. ऑर्डर करायच्या साइटवर फाइल टाकली की ती आपोआप चेक करते आणि सगळं हिरवं दाखवते. मग अजून बघायची काय गरज?

उत्तर : हिरवं म्हणजे हा बोर्ड बनवता येईल. तो चालेल असं कुठं म्हटलंय? तुम्ही बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या जागी २एन२२२२ चं फूटप्रिंट (पार्टच्या पॅडची मांडणी) टाकलं तरी साइट हिरवंच दाखवणार, कारण तीन होल आहेत, अंतर ठीक आहे, तिला काय देणंघेणं. पण चपटी बाजू आपल्याकडं धरून डावीकडून वाचलं तर बीसी५४७ कलेक्टर-बेस-एमिटर असतो आणि त्याच प्लॅस्टिकच्या टोपीतला २एन२२२२ सहसा एमिटर-बेस-कलेक्टर. रेग्युलेटरचं पण तसंच, ७८०५ ला इनपुट-ग्राउंड-आउटपुट, ७९०५ ला ग्राउंड-इनपुट-आउटपुट, एलएम३१७ ला ॲडजस्ट-आउटपुट-इनपुट, तिन्ही दिसायला सेम टू सेम.

यासाठी मी कागद वापरतो. वरचं कॉपर, सिल्क आणि होल एकत्र करून १:१ मध्ये प्रिंट काढायची, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये फिट टू पेज बंद करायचं, आणि आधी पट्टीनं एक माप मोजून घ्यायचं, आयसीच्या दहा पिनांच्या एका रांगेत पहिल्यापासून दहाव्या पिनेपर्यंत २२.८६ मिमी यायला पाहिजे. मग कागद थर्माकोलवर ठेवून खरे पार्ट त्यात टोचायचे. ज्या दुकानातून घेतलेले, तेच, इंटरनेटवरच्या चित्रातले नाही. टर्मिनलचं तोंड बाहेरच्या बाजूला आहे का, पोटेन्शिओमीटरचा दांडा पेटीच्या भोकासमोर येतो का, दोन मोठे कपॅसिटर एकमेकांना ढुश्या मारतात का, हिटसिंक लावल्यावर स्क्रू ड्रायव्हर जाईल का, हे सगळं कागदावर कळतं. ट्रान्झिस्टर टोचला की सर्किट समोर ठेवून बेसवर बोट ठेवायचं आणि ट्रॅकच्या मागं मागं जायचं, तो रेझिस्टरलाच गेला पाहिजे. परभणीत झेरॉक्सवाल्याकडं दोन-चार रुपयांत प्रिंट निघते, त्याला फक्त सांगा की बाबा रे साइज बदलू नको, शंभर टक्केच ठेव, ते लोक विचारल्याशिवाय पानभर मोठं करून देतात.